पॉइंटबाई आणि कानावरची क्लिप

आमच्या मीटर तपासणीच्या खोलीत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांना त्या पॉइंटबाई. विजेचं मीटर किती टक्के पुढे धावतं आणि किती मागे राहतं, हे आम्ही तपासतो. दशांश चिन्हापुढचा एक आकडा चुकला तरी बाई कागद परत पाठवायच्या. "पॉइंट सहा लिहिलंय, पॉइंट पाच आहे. पुन्हा घ्या." कागद साहेबांचा असला तरी.

मी त्यांच्या शेजारच्या बेंचवर एकोणीस वर्षं काढली. पुढे सांगतोय त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, निम्मं त्यांनी डबा खाताना तुकड्यातुकड्यानं सांगितलेलं. बाई पदरचं काही घालत नाहीत, म्हणून मीही घालत नाही.

त्या लहानपणापासूनच अशा. शाळेची घंटा रोज दोन मिनिटं उशिरा होते, हे त्यांनी पाचवीत असताना महिनाभर वहीत टिपून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं होतं. मुख्याध्यापक आधी रागावले, मग त्यांनी घड्याळ मागवलं. वडील खांबावर चढून तारा ओढायचे. मुलगी तांत्रिक शाळेत गेली आणि आमच्या विभागात लागली. तेव्हा या खोलीत एकही बाई नव्हती. पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांना रजिस्टर लिहायला बसवलं. बाईंनी दुपारपर्यंत रजिस्टर लिहिलं, त्यात मागच्या वर्षीच्या अकरा चुका काढल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "या बेंचवरच झाल्यात. मला बेंचवर द्या, म्हणजे रजिस्टरात येणार नाहीत." दुसऱ्या दिवशी बेंच मिळालं.

घरी मिस्टर, सासूबाई आणि त्या. मिस्टर छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर. शांत माणूस, हाताची दहाही बोटं शाबूत आहेत, यावरूनच स्वभाव समजावा. सासूबाईंचे कान गेलेले, पण श्रवणयंत्र लावलं की त्यांना नको ते आधी ऐकू यायचं. मूलबाळ नाही. त्याचं दुःख कधीकाळी करून झालेलं होतं. बाईंना एक धाकटा भाऊ. मिक्सर, पंखे, टीव्ही दुरुस्त करायचं त्याचं दुकान, आणि दिसेल ते उघडायची सवय. त्याला घरीदारी सगळे पान्या म्हणतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बाई विझत गेल्या.

काही घडलं नव्हतं, हीच पंचाईत. कोणी गेलं असतं, कोणी फसवलं असतं, तर लोकांना विचारायला आणि बाईंना सांगायला सोपं गेलं असतं. जो तो म्हणायचा, "अहो पण झालं काय?" बाई म्हणायच्या, "तेच तर सापडत नाहीये." आधी डबा अर्धा परत जायला लागला. मग त्या माझ्या बेंचवरच्या चुका दाखवेनाशा झाल्या. मला वाटलं, आपण सुधारलो. नंतर लाज वाटली त्या विचाराची.

एका मंगळवारी सकाळी त्या साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "गेल्या तीन दिवसांत मी पास केलेली सगळी मीटरं पुन्हा लावायला सांगा."

साहेब म्हणाले, "का? तुमची सही आहे की!"

"सही आहे. मी पाहिलेलं नाही. हात सही करत होता, मी तिथे नव्हते."

आम्ही दोघातिघांनी मिळून एकशे चाळीस मीटरं पुन्हा लावली. दोन चुकीची निघाली. बाईंनी आकडा ऐकला, "दोन," एवढंच म्हणाल्या, चष्मा पुसून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेल्या.

घरी त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. दात घासायचे म्हणजे डोंगर चढायचा. मिस्टर कामावर जाण्याआधी चहाचा कप उशाशी ठेवून जायचे, संध्याकाळी तो तसाच उचलायचे. सासूबाई दर तासाला दारात येऊन विचारायच्या, "अगं, उठतेस का गं?" आणि उत्तर ऐकू येऊ नये म्हणून की काय, श्रवणयंत्र काढूनच यायच्या. शेवटी मिस्टरांनीच रजा टाकली, रिक्षा बोलावली आणि बाईंना हॉस्पिटलात नेलं.

मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई तरण्याच होत्या. त्यांनी सगळं विचारलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. बाईंनी विचार करून उत्तर दिलं, "नकोसं नाही. हवंसंही नाही. काटा शून्यावर आहे." डॉक्टर म्हणाल्या, "शून्याच्या खाली जातोय असं कधी वाटलं, तर त्याच क्षणी घरच्यांना सांगायचं आणि मला फोन करायचा." बाईंनी तो नंबर पाठ केला.

पहिल्या गोळीनं तोंड कोरडं पडलं. दुसरीनं झोप लागायला लागली आणि बाई अर्धा दिवस कामावर यायला लागल्या, पण बाकी सगळं जागच्या जागी. यायच्या, बसायच्या. त्यांना साहेबांनी पुन्हा रजिस्टरच दिलं होतं, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. सहा महिने असे गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आमच्याकडे एक चाचणी चालू आहे. घरच्या घरी करायची. बघता का?"

मग त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. मेंदूतून एक मोठी नस निघते, मानेतून खाली उतरून हृदयापर्यंत, पोटापर्यंत जाते. तिची एक बारीक फांदी कानात येते. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो, त्याला क्लिप लावायची आणि खिशात मावेल एवढ्या डबीतून अगदी सौम्य वीज सोडायची. कापाकापी नाही, सुई नाही. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, दहा आठवडे. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या. नस चाळवली की मनाची मरगळ कमी होते, असं काही ठिकाणी दिसलंय.

"दिसलंय म्हणजे सिद्ध झालंय?" बाईंनी विचारलं. मिस्टर मला नंतर म्हणाले, सहा महिन्यांत तिनं उलटा प्रश्न पहिल्यांदा विचारला, मी मान वळवून बघितलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच तपासतोय. दोनशे माणसं घेतोय. निम्म्यांची डबी खरी, निम्म्यांची नकली. नकलीतही सुरुवातीला मिनिटभर मुंग्या येतात, मग ती गप्प बसते. खऱ्याचीही थोड्या वेळानं कानाला सवय होते, त्यामुळे लावणाऱ्याला फरक कळत नाही. कोणाला कोणती मिळाली ते मलाही ठाऊक नसतं. प्रत्येकाचं पाकीट त्याचे दहा आठवडे संपल्यावरच उघडायचं."

बाईंनी पाच पानांचा संमतीचा कागद तिथेच बसून पूर्ण वाचला. तिसऱ्या पानावर एक तारीख चुकलेली होती, ती दाखवली आणि सही केली.

चाचणीचं काम बघणारी एक मुलगी होती. दर मंगळवारी ती घरी यायची आणि प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायची. घरात तिचं नावच फॉर्मवाली पडलं. पहिल्याच फॉर्मला तिला घाम फुटला. प्रश्न साधा होता: गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं? कधीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.

बाई म्हणाल्या, "चौदातले बरोबर सात दिवस असतील तर?"

"तर... अर्ध्याहून जास्त?"

"सात म्हणजे अर्धे. अर्ध्याहून जास्त कसे?"

"मग काही दिवस लिहू?"

"सात दिवस म्हणजे काही दिवस? आठवडा झाला की!"

फॉर्मवालीनं हॉस्पिटलात फोन लावला. तिकडेही कोणाला सांगता येईना. शेवटी बाईंनीच तिला सोडवलं, "माझे बाराच्या वर आहेत, जवळजवळ रोज लिही. पण हा प्रश्न दुरुस्त करून घ्या." बेरीज झाली एकोणीस. जितकी जास्त तितकं वाईट.

रोज सकाळी साडेसातला बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या. मिस्टर ओल्या कापसानं कान पुसून द्यायचे, क्लिप लावायची, डबीवरचं बटण मुंग्या येईपर्यंत वाढवायचं आणि दुखेल त्याच्या खाली ठेवायचं. समोर सासूबाई चहा पीत बसलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी निरखून बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "तुलाही ऐकू येईना का गं?"

"नाही आई, हे वेगळं आहे. मन बरं होण्यासाठी."

"कानातून?"

"हो."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "बरोबर आहे. मनाला लागतं ते कानातूनच जातं सगळं." आणि त्या दिवसापासून सुनेचा अर्धा तास संपेपर्यंत त्या खुर्चीवरून हलायच्या नाहीत. घरात दोन बायका समोरासमोर, दोघींच्या कानात यंत्र. मिस्टर म्हणायचे, आता या घरात मी एकटाच बिनयंत्राचा.

एक गोष्ट बाईंनी मला दुसऱ्या आठवड्यात डबा खाताना सांगितली. "डबी रोज पर्समध्ये असते बघ माझ्या. संध्याकाळचं कधी घराबाहेर करावं लागतं म्हणून." मी पर्सकडे बघितलं, मग आमच्या बेंचकडे. एका अँपिअरचा हजारावा भाग मोजणारी यंत्रं तिथे ओळीनं मांडलेली. खरं की नकली, पाच मिनिटांचं काम. बाईंनी माझी नजर ओळखली. "नाही," म्हणाल्या. "सही केलीये." आणि भाजी पुढे सरकवली.

पण पान्यानं कुठे सही केली होती!

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी तो सासूबाईंच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला आला. बाई, मिस्टर आणि सासूबाई चष्म्याच्या दुकानात गेले होते. परत आले तेव्हा पंखा छान फिरत होता, पान्या हात पुसत उभा होता आणि फळीवरच्या डबीची वायर उलटी गुंडाळलेली होती. बाई वायर नेहमी डावीकडून गुंडाळतात.

"पान्या, हात लावलास याला?"

"उघडली नाही गं ताई. शपथ. नुसतं क्लिपच्या टोकांना मीटर लावून बघितलं. ताई, ऐक, मी सांगतो—"

"एक शब्द बोलायचा नाही!"

"अगं पण तू उगाच रोज—"

"पान्या!"

सासूबाईंनीसुद्धा कानाचं यंत्र नीट बसवलं, एवढा तो आवाज होता. गेल्या कित्येक महिन्यांत बाईंचा आवाज त्या घरात एवढा चढला नव्हता. पान्या गप्प झाला. पण त्याचं तोंड म्हणजे उघडं पुस्तक. लहानपणी बरणीतलं काही खाल्लं की आई त्याला विचारायचीसुद्धा नाही, नुसती बघायची. आता तेच तोंड बहिणीकडे असं बघत होतं, जसं कोणी परीक्षेत नापास झालेल्या पोराकडे बघतं.

बाई समजल्या. डबी नकली.

मंगळवारी फॉर्मवाली आली तेव्हा बाईंनी आधीच सांगून टाकलं. "फॉर्म नंतर. आधी हे लिही. माझ्या भावानं रविवारी डबीला मीटर लावलं. काय निघालं ते मला सांगितलेलं नाही. पण मला कळलंय."

"कसं कळलं?"

"तोंडावरून. डबी नकली आहे."

फॉर्मवालीनं पेन खाली ठेवलं. "किती खात्री आहे?"

"शंभरात नव्वद. त्याचं तोंड कधी चुकत नाही."

हॉस्पिटलात बराच खल झाला. संध्याकाळी डॉक्टरांचा स्वतः फोन आला. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत, आम्ही तसं नोंदवून ठेवतोय. तुमच्या भावाचा अंदाज बरोबर की चूक हे मी सांगू शकत नाही, मलाच माहीत नाही. तुम्हाला चाचणी सोडायची असेल तर आत्ता सोडा, तुमच्या बाकीच्या उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही.

मिस्टर शेजारीच उभे होते. ते खुणेनं म्हणाले, सोड.

बाई फोनवर म्हणाल्या, "नकलीवालेही शंभर लागतात ना तुम्हाला?"

"लागतात. त्यांच्याशिवाय खऱ्यांचं काही सांगताच येत नाही."

"तेच. आमच्याकडे शेजारी स्टँडर्ड मीटर नसेल तर समोरच्या मीटरचं खरंखोटं करता येत नाही. मग मी त्या शंभरातली. सात आठवडे राहिलेत, बसते."

फोन ठेवल्यावर मिस्टर म्हणाले, "अगं, पण तुला काय मिळणार त्यातून?"

"काम," बाई म्हणाल्या. "रजिस्टर लिहिण्यापेक्षा बरं."

पान्याला मात्र तोंडबंदी झाली. पाकीट उघडेपर्यंत त्यानं ताईच्या समोर यायचं नाही, आलाच तर हवापाण्याखेरीज बोलायचं नाही, आणि तोंड भिंतीकडे करायचं. त्यानं तेही केलं. दर रविवारी यायचा, पपई नाहीतर केळी टेबलावर ठेवायचा, भिंतीकडे बघून विचारायचा, "आज ऊन आहे, नाही?" आणि जायचा. जाताना मिस्टरांच्या खांद्यावर असा हात ठेवायचा की मिस्टरांनाच भरून यायचं. एकदा कसलंसं तेल आणून दिलं, डोक्याला चोळायला. एकदा चालण्याचे बूट आणले. ताईला नकली डबीवर बसवून ठेवलंय या विचारानं त्याला घास गोड लागत नव्हता.

आणि बाई रोज साडेसातला खुर्चीत बसत होत्या. एकही वेळ चुकवली नाही. चुकलं म्हणजे चौथ्या आठवड्यात एकदा, अंगात ताप होता तेव्हा. ते वहीत तसंच लिहिलं: 'संध्याकाळ नाही. कारण ताप.'

पाचव्या आठवड्याची बेरीज सतरा आली. सहाव्याची चौदा. बाईंनी स्वतः पुन्हा बेरीज केली. "माझंच काहीतरी चुकतंय," म्हणाल्या.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मी बेंचवर दहा मीटरं टांगून लोड, म्हणजे त्यांतून वाहणारा विजेचा भार, सोडला होता. सातव्या मीटरचा दिवा थोडा अडखळत लुकलुकत होता, मी काही तिकडे बघितलं नव्हतं. पाठीमागून आवाज आला, "सातव्याचं कनेक्शन ढिलं आहे तुझं."

मी वळलो नाही. पेचकस घेतला, स्क्रू आवळला. मान वर केली असती तर डोळ्यांतलं दिसलं असतं त्यांना, आणि त्या म्हणाल्या असत्या, "कामाच्या वेळी काय हे?" अशा नेमक्या शब्दांत कोणी माझी चूक काढली त्याला वर्ष होत आलं होतं. दिवा नीट लुकलुकायला लागला. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग रजिस्टराकडे गेल्या. दुपारी डबा उघडला तो रिकामा करूनच झाकला.

घरी मात्र त्यांना याचा आनंद व्हायच्या ऐवजी त्रास व्हायला लागला. मिस्टरांना म्हणाल्या, "अहो, मला बरं वाटतंय."

"छान आहे की!"

"छान काय? कशानं ते कळायला नको? डबी तर नकली."

"बरं वाटतंय ना? मग कशाला शोधत बसतेस?"

"एरर कमी झाली तरी कारण शोधावं लागतं. नाहीतर उद्या वाढली तर काय धरायचं?" मग त्यांनी वही काढली आणि एकेक गोष्ट खोडत गेल्या. गोळी तीच, डोस तोच. ऊन वाढलंय, पण गेल्या वर्षीही वाढलं होतं. रोज दोनदा कोणीतरी कान पुसून देतं. सासूबाई समोर बसतात. मंगळवारी एक मुलगी येऊन तासभर नीट ऐकून घेते. "हे असेल," त्या म्हणाल्या, आणि त्याच्यापुढे पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं.

सातव्या आठवड्यात दोन दिवस पुन्हा तसेच आले. भिंतीकडे तोंड, चहा तसाच. पण बाईंनी स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. "काटा हललाय, खाली नाही गेलेला, पण हललाय." डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, बोलल्या, म्हणाल्या की बरं होताना असे दिवस येतात, त्याही दिवशी क्लिप लावलीत ना? लावली होती. तिसऱ्या दिवशी बाई उठून अंघोळ करून कामावर आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "रजिस्टर दुसऱ्या कोणाला द्या. मला बेंच परत पाहिजे."

साहेबांनी काळजीनं विचारलं, "झेपेल?"

"पहिले पंधरा दिवस माझं काम यानं पुन्हा तपासावं," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "चूक सापडली तर सांगावं. सांगेल तो, बरेच दिवस वाट बघतोय."

पंधरा दिवस मी तपासलं. एकही चूक निघाली नाही. माझी थोडी निराशा झाली, खोटं कशाला बोलू.

दहाव्या आठवड्याची बेरीज सात झाली. पाकीट उघडायच्या दिवशी बाईंनी पान्याला मुद्दाम बरोबर नेलं. "तूच सांगणार होतास ना? चल, आता सगळ्यांसमोर ऐक." डॉक्टरांच्या खोलीत बाई, मिस्टर, पान्या आणि डॉक्टर असे चौघं बसले. फॉर्मवालीनं पाकीट आणून दिलं. डॉक्टरांनी ते फोडलं, कागद वाचला, बाईंकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमची डबी खरी होती."

"शक्यच नाही!" पान्या खुर्चीवरून उठला. "मी स्वतः लावलंय मीटर! बटण दाबलं, एक क्षण काटा हलला आणि खलास. दोनदा, तीनदा, दहादा बघितलं. वीज येतच नाही तिच्यातून!"

"क्लिप कुठे लावली होती?"

"कुठे म्हणजे? टेबलावर. टोकांना माझं मीटर."

डॉक्टर हसू दाबत म्हणाल्या, "कातडीवर नसली की डबी आपोआप बंद होते. सुरक्षिततेसाठी. कानाला लावल्याशिवाय खरी असो की नकली, ती चालतच नाही."

मग बाई हळूच भावाकडे वळल्या.

"लोड न लावता तपासलंस?"

"ताई, मला काय माहीत..."

"तारा ओढणाऱ्याचा मुलगा तू. पंचवीस वर्षं दुकान चालवतोस. आणि लोड न लावता माल नापास केलास?"

"आणि सात आठवडे मला झोप नाही!" पान्या रडवेला झाला. "पपया आणतोय, बूट आणतोय..."

तेव्हा बाई हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग चष्मा काढावा लागला. मिस्टर सांगतात, आमच्या लग्नात तिच्या करवल्यांनी माझे जोडे लपवले आणि नंतर त्यांनाच सापडेनात, तेव्हा ती अशी हसली होती. पान्याही मग हसायला लागला, कारण दुसरं काय करणार.

हसू ओसरल्यावर बाई सरळ बसल्या. "डॉक्टर, एक सांगू? माझ्या एकटीच्या आकड्यावरून हे यंत्र पास करू नका. कदाचित मी तशीही बरी झाले असते. एका मीटरवरून आम्ही मीटरांची सगळी गाडी पास करत नाही."

"नाही करणार," डॉक्टर म्हणाल्या. "अजून एकशे दहा जण व्हायचेत. पण तुमचा आकडा माझ्यासाठी वेगळा आहे. दहातले सात आठवडे तुम्ही नकली समजूनच बसलात. असं सांगणारं आमच्याकडे दुसरं कोणी नाही."

"ते नोंदवलंय ना?"

"तारखेसकट," फॉर्मवाली म्हणाली. "आणि अर्ध्या दिवसांचा प्रश्नही दुरुस्त झालाय."

पुढे तीन महिने बाईंनी डबी घरी वापरली, मग नियमाप्रमाणे परत केली. परत करताना वायर डावीकडून गुंडाळली होती आणि वहीची एक प्रत सोबत जोडली होती. डबी दिल्यावर पुन्हा घसरण होईल अशी धास्ती मिस्टरांना होती. बाईंना नव्हती. "झाली तर नंबर पाठ आहे. कुठे जायचं ते माहीत आहे आता," म्हणाल्या. आज त्याला सव्वा वर्ष झालं. एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, एक चालू आहे. मधे एक आठवडा मरगळीचा आला, तो त्यांनी स्वतः ओळखला, फोन केला, निभावला. सगळ्या दोनशे जणांचा निकाल अजून लागायचाय. आम्ही खोलीतले सगळे त्याची वाट बघतोय, जशी घरातल्या एखाद्या पोराच्या निकालाची बघतात.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बाईंना विचारलं, एक न्हावी आहेत, चाचणीत यायला कचरतायत, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलाल का? बाई कामावर येण्याआधी गेल्या. मीही त्याच बाजूनं येतो म्हणून बरोबर होतो. व्हरांड्यातल्या बाकावर एक जाडजूड गृहस्थ मान खाली घालून बसले होते. दोन महिने दुकान बंद होतं त्यांचं. कात्री हातात घ्यावीशी वाटत नाही, म्हणाले.

"बाई, खरं सांगा. हे काम करतं का?"

"माझ्यावर केलं असं दिसतंय," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर करेल का, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. मला माहीत आहे असं जो कोणी म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नका."

न्हाव्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "मग बसायचं कशासाठी?"

"तुम्ही बसल्याशिवाय कोणालाच कधी कळणार नाही, यासाठी. आणि रोज दोनदा तुमच्यासाठी कोणीतरी अर्ध्या तासाचा हिशेब ठेवतं. तेवढं तर नक्की मिळतं, डबी कोणतीही असो. घरात कोण आहे तुमच्या?"

"मुलगी आहे. मोठी आहे."

"तिला कान पुसून द्यायला सांगा. स्वतःला आपला कान नीट दिसत नाही."

"माझं तर आयुष्य गेलं लोकांचे कान सांभाळण्यात," न्हावी म्हणाले, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"मग तुम्ही इतरांपेक्षा नीट लावाल. दोन्ही कान मोकळे ठेवून या," बाई उठल्या. "डॉक्टर साडेनऊला येतात. कागद पूर्ण वाचा, घाईनं सही करू नका. कळलं नाही ते विचारा, त्यांना विचारलेलं आवडतं."

आम्ही फाटकापर्यंत आलो. बाईंनी घड्याळ बघितलं, माझ्या चालीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जरा उचल पाय. नवीन चारशे मीटरं आलीत आज, आणि मला पहिली दहा माझ्याच बेंचवर पाहिजेत."